मदत हवी आहे: जाणकार वक्ते वेबिनारमध्ये स्लाइड वाचून दाखवतात

सायली_वि: गुरुवारी वेबिनार आहे, लवकर सांगा. सर विषयातले जाणकार, पण स्लाइड शब्द न् शब्द वाचतात. मागच्या वेळी लोक मधूनच निघून गेले. तालमीचं नाव काढलं की "मी वर्षानुवर्षं शिकवतोय" म्हणतात. त्यांना न दुखावता तयारी कशी करून घेऊ?

रानवारा: झूम मीटिंग की झूम वेबिनार? वेबिनारमध्ये वक्त्याला श्रोते दिसतही नाहीत, ऐकूही येत नाहीत. वर्गात चेहरे बघून शिकवणारा माणूस इथे स्लाइडलाच धरून बसतो. वेळ किती, स्लाइड किती, श्रोते कोण?

मधुरा_क: आधी माइक बदला. लॅपटॉपच्या माइकवर कोणीही रटाळच वाटतं.

रानवारा: माइकने वाचणं कसं थांबेल?

मधुरा_क: आवाज खोल विहिरीतून आला तर ऐकणार कोण? अशा कार्यक्रमांचं तांत्रिक काम मीच बघते.

सायली_वि: माइक चांगला आहे हो! वेबिनारच आहे. एक तास, ६८ स्लाइड, श्रोते अगदी नवखे.

अभ्यासू: नवखे, आणि ६८ स्लाइड! १९९० साली स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी प्रयोग केला होता. ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतील. ओळखली १२० पैकी ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक. सरांना एवढंच विचारा, "ऐकून झाल्यावर श्रोत्याला काय करता यायला हवं?" त्याला न लागणाऱ्या स्लाइड शेवटी सरकवा. "काढू या" म्हणू नका, "प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवू" म्हणा.

टिंगू: रेकॉर्डिंगमधले 'अं... अं...' काढायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

मनमोकळा: स्लाइडच नकोत, सरळ मुलाखत घ्या.

अभ्यासू: आणि आकृत्या तोंडी सांगायच्या का?

रानवारा: सायली, तालीम म्हणूच नका, 'तांत्रिक चाचणी' म्हणा. साधी मीटिंग लावून सुरुवातीची ५ मिनिटं रेकॉर्ड करा आणि त्यांना एकट्यांना बघू द्या. आपलं वाचणं त्यांचं त्यांनाच खटकेल. गुरुवारी तुम्ही पॅनेलिस्ट (म्हणजे वक्त्याला दिसणारा, बोलू शकणारा सहभागी) म्हणून कॅमेरा चालू ठेवून बसा. मान डोलवा, मधे "सर, हे उदाहरण देऊन सांगाल का?" विचारा. बोलायला एक चेहरा मिळाला की माणूस वाचत नाही.

सायली_वि: उद्याची 'चाचणी' ठरली, चटकन हो म्हणाले! पण बोलताना ते सतत बाजूला बघतात, त्याचं काय?

रानवारा: दुसरा मॉनिटर आहे का? आणि कॅमेरा कुठल्यावर?