रांडेच्या, च्यायला, मेल्या: कथेतल्या संवादात शिवी कधी बसते?

कथा लिहिणाऱ्यांना आणि मालवणी घरात वाढलेल्यांना विचारायचंय. माझ्या एका कथेत कुडाळकडची आजी आहे, नातू उशिरा घरी आला की ती ओरडते, "खय होतस रे रांडेच्या, पेज थंड झाली मां!" यात राग नावाला, बाकी सगळी माया, हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण ज्यांच्याकडे कथा पाठवली त्यांनी शिवी काढून तिथे 'गाढवा' घातलं, मला विचारलंही नाही.

आता अर्थाचं बघा. रांड म्हणजे आधी विधवा, संस्कृत रंडावरून, मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही हा अर्थ आहे, आणि रंडकी या शब्दात तो अजून दिसतो. म्हणजे रांडेच्या = विधवेच्या पोरा. रोज बोलताना हे कुणाच्या डोक्यात नसतं. माझ्या कथेत त्या पोराचा बाप होडी घेऊन जातो तो परत येत नाही, आणि त्या दिवसापासून आजी पोराला नुसतं 'झिला', म्हणजे मुला, म्हणायला लागते, कारण शिवी आता खरी झालीय. कथा एवढीच आहे हो. 'गाढवा' घातल्यावर काय उरलं त्यात?

च्यायलाचं वेगळं. तो 'त्याच्या आयला'चा झिजलेला तुकडा, पण आता बस चुकली तरी च्यायला, सिक्सर बसला तरी च्यायला, समोर कुणी असायलाही लागत नाही. म्हाताऱ्या बायका मेल्या, मुडद्या म्हणतात, म्हणजे मरणावरून, आणि पुरुषांचं बहुतेक आईबहिणीवरून. हा फरक न बघता हल्ली वेबसिरीजसारख्या त्याच चार हिंदी शिव्या सगळ्यांच्या तोंडी घालतात, मग हवालदार, कॉलेजचा पोरगा आणि भाजीवाली एकाच आवाजात बोलतात, ते मला शिवीपेक्षा जास्त खटकतं. आणि फुल्या तर नकोतच, वाचणारा तिथे थांबून अक्षरं मोजत बसतो.

तर तुमच्याकडे घरात कुणी विधवा झाल्यावर 'रांडेच्या' हा शब्द कुणी खरंच टाळलेला ऐकलाय का? आणि घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात मायेने दिली जाणारी अशी कुठली शिवी आहे? कोण कुणाला देतं तेही लिहा, नुसता शब्द नको.