लिनक्स: दुसरा पॅरलल प्रिंटर (एलपी१) दिसतच नाही, उपाय सुचवा

कृष्णाकाठ:
सांगली मार्केट यार्डात अडत दुकान आहे, मशीनवर डेबियन. बोर्डावरच्या पॅरलल पोर्टला हिशोबपट्ट्यांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पीसीआय-एक्सप्रेस कार्डाला बिलांचा. पहिला (एलपी०) चालतो, पण दुसऱ्याची डिव्हाइस फाइल /डेव्ह/एलपी१ तयारच होत नाही. कार्डावर दोन सीरियल पोर्टही आहेत. यूएसबी-पॅरलल केबल घेऊन मोकळं व्हावं का?

पिन_पंधरा:
सीरियल पोर्ट आहेत म्हणालात, तिथंच ग्यानबाची मेख. अशी मिश्र कार्डं पॅरलल पोर्टचं नेहमीचं कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हर) पारपोर्ट_पीसी एकटं ओळखत नाही, पारपोर्ट_सीरियल लागतं. रूटनं 'मॉडप्रोब पारपोर्ट_सीरियल' देऊन ते लोड करा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) पारपोर्ट१ उमटतो का बघा. बोर्डावरच्या पोर्टचा पत्ता बहुधा ०एक्स३७८. कार्डाचा 'एलएसपीसीआय -व्ही' सांगेल. पारपोर्ट१ आला तरी एलपी१ नसेल तर 'मॉडप्रोब एलपी'. चाललं की दोन्ही नावं /ईटीसी/मॉड्यूल्समध्ये लिहा, नाहीतर रीबूटनंतर पहिले पाढे पंचावन्न.

केबल घेऊ नका. तिचं नाव /डेव्ह/यूएसबी/एलपी० असं येतं. बिलाचं सॉफ्टवेअर थेट एलपी१ वर लिहीत असेल तर त्याला ती सापडणारच नाही.

कृष्णाकाठ:
एलपी१ आला! पण साधी टेक्स्ट फाइल 'कॅट'नं पाठवली तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटापासून सुरू होते, जिन्यासारखी. प्रिंटरचं ऑटो एलएफ (आपोआप लाइन फीड) चालू करू का? शिवाय लॉगमध्ये 'एलपी१ ऑन फायर' दिसतं.

घाटमाथा:
ऑटो एलएफ अजिबात नको. ते कॅरेज रिटर्न (हेड डावीकडे नेणारी खूण) आल्यावर लाइन फीड (कागद एक ओळ सरकवणारी खूण) जोडतं. तुम्हाला नेमकं उलटं हवंय. युनिक्सची ओळ नुसत्या लाइन फीडनं संपते, म्हणून कागद सरकतो पण हेड डावीकडे परत येत नाही. फाइल आधी 'युनिक्स२डॉस'मधून काढा, ते प्रत्येक ओळीला कॅरेज रिटर्नही लावतं, मग पाठवा.

आगबिग काही नाही, जुना विनोद आहे तो. कागद आहे, प्रिंटर ऑनलाइन आहे, तरी एरर लाइन (पिन १५) लागलेली दिसली की कर्नल तसं लिहितो. बहुतेक वेळा केबल ढिली असते. आयईईई १२८४ छापलेली, दोनेक मीटरची घ्या आणि दोन्ही टोकं नीट बसवा. पण दोन्ही यंत्रं बंद करूनच. हा पोर्ट चालू असताना काढघाल करायचा नाही.

पिन_पंधरा:
कप्स (लिनक्सची छपाईच्या रांगा सांभाळणारी व्यवस्था) शेवटी बघा. 'एलपीस्टॅट -व्ही' मध्ये एका रांगेपुढे एलपी०, दुसरीपुढे एलपी१ हवं. दोन्हीकडे एलपी० असेल तर बिलं पट्टीच्या कागदावर निघतील.