शिक्षा संपली, तरी पायात पट्टा: पटतं का तुम्हाला?

पॅरामाटाकर:
ऑस्ट्रेलियातल्या आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात 2006 साली गंभीर लैंगिक गुन्हेगारांसाठी एक कायदा आला, 2013 मध्ये त्यात हिंसक गुन्हेगारही आले. कैदी सुटायला आला आणि सरकारला तो अजून धोकादायक वाटला, तर प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टात जातं. कोर्टाने नेमलेले दोन मानसतज्ज्ञ त्याला तपासतात. पटलं तर पाच वर्षांपर्यंत देखरेखीचा आदेश, पुढे वाढवताही येतो. पायात जीपीएस पट्टा, आठवड्याचं येण्याजाण्याचं वेळापत्रक आधी लिहून द्यायचं. अट मोडली की तो नवा गुन्हा. माझ्या दोन मुली रोज बसने शाळेत जातात. मला हा कायदा हवा.

विधिज्ञा_पुणे:
मुलींची काळजी मलाही आहे. पण शिक्षा भोगली की हिशेब मिटला, हे तत्त्व सोडलं तर उरतं काय? उद्या तो काय करेल या अंदाजावर आज त्याला बांधायचं? तिथल्याच क्वीन्सलंड राज्याच्या अशाच कायद्याबाबत संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2010 मध्ये ऑस्ट्रेलियाला दोषी धरलं होतं.

पॅरामाटाकर:
ताई, ते प्रकरण शिक्षा संपल्यावरही तुरुंगातच डांबून ठेवण्याचं होतं. त्याला माझाही विरोध आहे. मी बाहेरच्या देखरेखीबद्दल बोलतोय.

विधिज्ञा_पुणे:
फरक मान्य. पण मित्राला भेटायलाही परवानगी मागायची, आणि वेळापत्रक चुकलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. याला 'बाहेर' म्हणायचं का?

समुपदेशक_सिडनी:
असा पट्टा घातलेल्या एकाशी मी वर्षभर बोलत होतो. पट्टा पायातून काढता येत नाही, त्यामुळे चार्जिंगच्या वेळी तो सॉकेटशेजारी पाय लांब करून बसायचा. नोकरीच्या मुलाखतीला जाताना उन्हाळ्यातही जाड मोजे. पण तोच म्हणाला, दारूच्या दुकानाकडे पाय वळले की पट्टा आठवतो. मी देखरेखीच्या बाजूने आहे, पण सोबत घर, उपचार आणि काम मिळालं पाहिजे. नुसत्या पट्ट्याने माणूस एकटा पडतो, आणि एकटा पडलेलाच जास्त धोक्याचा.

माळावरचा:
माझी आजी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये वाढली. तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायला पास. गुन्हा काय, तर पारध्याच्या पोटी जन्म. 1871 चा तो गुन्हेगार जमाती कायदा गेला, 31 ऑगस्ट 1952 ला आम्ही विमुक्त झालो, पण लगेच 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. आजही गावात चोरी झाली की जीप आधी आमच्या पालावर. तुमचा पट्टा इथे भारतात आला तर कोणाच्या पायात पडेल, हे मला कोणी सांगायला नको.

पॅरामाटाकर:
दादा, यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. आमच्या ऑस्ट्रेलियात निदान माणूस एकेक करून कोर्टापुढे येतो, वकील मिळतो, अहवालाची उलटतपासणी होते. ठाणेदाराच्या वहीवरून कोणाच्या पायात काही घालायचं असेल, तर मीही तुमच्या बाजूने उभा राहीन. पण बलात्काराची शिक्षा भोगून, तुरुंगात उपचार नाकारून बाहेर येणारा आमच्या गल्लीत राहायला आला, तर त्याच्यावर कोणीच नजर ठेवू नये का?

माळावरचा:
ठेवा. त्याच्या एकट्यावर ठेवा. त्याच्या भावावर, पोरावर, पालावर नको. एवढं कायद्यात लिहून द्या, मग बोलू.