मुलीच्या पोटगीवर पाणी सोडण्याचा करार करावा का? (इंदूर आणि पुणे)

लोकमान्यनगरची लेक, इंदूर

नमस्कार. माझे माहेर इंदूरचे. लग्नही २०१५ साली इंदूरलाच झाले आणि त्यानंतर आम्ही पुण्यास राहत होतो. गेली अडीच वर्षे मी मुलीसह आईवडिलांकडे आहे. मुलगी सात वर्षांची असून येथील शाळेत दुसरीत शिकते. मी एका खासगी शाळेत शिकवते आणि मला दरमहा बावीस हजार रुपये मिळतात. यजमान पुण्यात एका कंपनीत नोकरीस आहेत. त्यांचा पगार नेमका किती आहे हे त्यांनी मला कधी सांगितले नाही, परंतु तो माझ्या पगाराच्या चौपट तरी असावा.

मागील महिन्यात दोन्हीकडची वडीलधारी मंडळी आमच्या घरी बसली आणि त्यांनी एक तोडगा काढला. परस्पर संमतीने काडीमोड घ्यायचा, मी स्वतःसाठी आणि मुलीसाठी पोटगी मागायची नाही, आणि त्याच्या बदल्यात यजमानांनी मुलीचा ताबा मागायचा नाही व तिला भेटायलाही यायचे नाही, असा मजकूर पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून आला आहे. सही करून एकदाचे मोकळे व्हावे, असे बाबांचे म्हणणे आहे. माझा हात मात्र अडला आहे.

त्यातच आमच्या एका नातेवाइकांनी सांगितले की मूल पाच वर्षांचे होईपर्यंतच कायदा आईच्या बाजूने असतो आणि नंतर ताबा वडिलांकडे जातो, तेव्हा सही केली नाही तर मुलगीच हातची जाईल. हे खरे आहे का? दावा करायचा झाल्यास मला पुण्यास खेटे घालावे लागतील का?

एक गोष्ट लपवून सल्ला मागणे योग्य नाही, म्हणून तीही लिहिते. यजमान मनास येईल तेव्हा चार हजार रुपये पाठवतात, कधी दोन दोन महिने काहीच पाठवत नाहीत. दिवाळीनंतर पैसे बंद झाले, तेव्हा मी रागाने मुलीचे त्यांच्याशी व्हिडिओवर होणारे बोलणे बंद केले. ते अजून बंदच आहे.

निवृत्त वकील, रामबाग

ताई, आपण सही केली नाहीत हे उत्तम झाले. मी या शहरात तीस वर्षांहून अधिक काळ वकिली केली आणि असे स्टॅम्पपेपर कितीतरी पाहिले. पोटगीचा अधिकार दोन वेगवेगळ्या व्यक्तींचा असतो, एक पत्नीचा आणि एक मुलाचा, आणि बैठकीतल्या मंडळींनी हे दोन्ही एकाच पोत्यात भरले आहेत. पत्नी म्हणून मिळणाऱ्या रकमेवर आपण घटस्फोटाच्या तडजोडीत पाणी सोडू शकता. मुलीचा अधिकार मात्र मुलीचा आहे आणि तिच्या वतीने तो सोडून देण्याची मुभा आईला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे आज सही झाली तरी उद्या मुलीच्या नावे अर्ज करता येईल. पण मग सही करून वाद कशासाठी वाढवावा?

शिवाय स्टॅम्पपेपरवर घटस्फोट होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली दोघांनी न्यायालयात संयुक्त अर्ज द्यावा लागतो. त्याआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचे अंतर असते. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असा २०१७ चा निकाल आहे. हुकूमनामा होईपर्यंत दोघांचीही संमती टिकून असावी लागते.

पाच वर्षांच्या गोष्टीचा उगम १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, एवढेच तेथे म्हटले आहे. पाच वर्षे पूर्ण होताच मूल वडिलांच्या हवाली करावे, असे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. पाच वर्षांनंतर ती सामान्य धारणा आपोआप लागू होत नाही आणि त्याच कायद्याचे कलम १३ सांगते तसे मुलाचे हित सर्वांत वरचे मानून न्यायालय निर्णय करते. नातेवाइकांचा आणखी एक घोटाळा असा होतो की ते पालकत्व (मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार) आणि ताबा (मूल कोणाजवळ राहते) एकच समजतात. वडील नैसर्गिक पालक राहिले तरी मूल आईजवळ राहू शकते, आणि आईसुद्धा नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकते, हे १९९९ च्या गीता हरिहरन प्रकरणापासून मान्य झालेले आहे. मुलगी अडीच वर्षे आपल्याजवळ आहे, शाळेत रुळली आहे, आजीआजोबा घरी आहेत. या बाबींना न्यायालयात वजन असते.

पुण्यास जाण्याची गरज नाही. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे, आणि पत्नी जेथे राहते तेथे हा अर्ज करता येतो. म्हणजे इंदूरच्या कुटुंब न्यायालयात. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. पेश्यांचा (न्यायालयातल्या तारखांचा) अनुभव असणाऱ्यांना त्या ‘शक्यतो’चा अर्थ ठाऊक आहे, तरीही वकिलाने हे कलम दर पेशीस उच्चारावे. ताब्याबाबतही १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयाला अधिकार असतो. त्यांनी पुण्यात घटस्फोटाचा दावा लावलाच, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात प्रकरण वर्ग करण्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो आणि लहान मूल सांभाळणाऱ्या स्त्रियांचे असे अर्ज पुष्कळदा मंजूर होतात.

आता थोडे कडू. व्हिडिओवरचे बोलणे बंद केलेत, ही आपली चूक आहे आणि समोरचा वकील पहिल्याच पेशीस तिच्यावर बोट ठेवील. पैसे न देणे हा त्यांचा दोष, परंतु वडिलांचा आवाज ऐकणे हा मुलीचा हक्क आहे. एकाची वसुली दुसऱ्यातून होत नाही. बोलणे आजच सुरू करा आणि ते सुरू केल्याचा संदेश त्यांना लेखी पाठवा.

देवासहून एक बाप

वकीलसाहेबांनी आईला जे सांगितले, ते बापाच्या बाजूने मी सांगतो, कारण तीच चूक मी उलट्या दिशेने केली आहे. माझा मुलगा इंदूरला त्याच्या आईजवळ असतो. तीन वर्षांपूर्वी दोन भेटी लागोपाठ रद्द झाल्या, तेव्हा भेट नाही तर पैसे नाहीत असे ठरवून मी चार महिने पोटगी थांबवली. मला वाटले होते की न्यायाधीश माझी बाजू समजून घेतील. त्यांनी समजूनही घेतली, भेटीबद्दल पत्नीस ताकीदही दिली, परंतु थकबाकीची एक पैही कमी केली नाही. अटकेचे वॉरंट निघण्याच्या बेतात असताना भावाकडून उसने घेऊन मी रक्कम भरली. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, हे मला तेव्हा कळले. ताई, आपणही लक्षात ठेवावे की अशा वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज देतील, उद्या देतील’ करत बसलात तर जुने महिने या मार्गाने हातचे जातात.

भेटीविषयी माझे सांगणे एवढेच आहे की आदेशात काय लिहिले जाते याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आमच्या पहिल्या आदेशात ‘प्रमुख सणांच्या दिवशी भेट’ असे मोघम शब्द होते. आता प्रमुख सण कोणता? पुण्याच्या माणसाला धुळवड डोळ्यांपुढे येईल, पण इंदूरच्या पोराला रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघायची असते आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ). त्या एका रात्रीवरून आमच्यात जे भांडण झाले, ते मूळ दाव्यापेक्षा मोठे होते. दुसऱ्या वेळी आम्ही सणांची नावे घालून घेतली: रंगपंचमी एक वर्ष आईकडे आणि एक वर्ष माझ्याकडे, उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन भाग, मुलाला कोठून घ्यायचे आणि किती वाजता परत सोडायचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघांनीही येण्याची मोकळीक, आणि बुधवार व रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता फोन. तेव्हापासून न्यायालयात जाण्याची वेळ आली नाही. तुमचे यजमान पुण्यात आहेत, म्हणून फोनची वेळ आणि इंदूरला आल्यावर मुलगी कोणत्या घरी भेटेल, हे दोन्ही जरूर लिहून घ्या.

आणखी एक. आपल्या कागदावर ‘भेटायला यायचे नाही’ असे बापाकडून लिहून घेतले आहे. सही करणारा बाप आज रागात असेल. सात वर्षांच्या मुलीने मात्र काहीच लिहून दिलेले नाही.

सुदामानगर, स्वतःचे प्रकरण लढलेली

कायदा वर आला आहे, मी कागदांविषयी लिहिते, कारण माझे सहा महिने त्यातच गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर (वकील मंडळी त्याला ‘रजनेश विरुद्ध नेहा’ म्हणून ओळखतात) पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांना आपली मिळकत, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे शपथपत्र द्यावे लागते. त्यामुळे यजमानांचा पगार आपल्याला ठाऊक नाही याची फार चिंता करू नका. त्यांच्या शपथपत्रात तो आला नाही किंवा कमी दिसला, तर पगारपत्रके, फॉर्म १६ आणि बँकेचे उतारे मागवून घेण्याचा अर्ज द्या. माझ्या बाबतीत समोरून घराचा आणि मोटारीचा असे दोन हप्ते दाखवून हाती काहीच उरत नाही असा हिशेब मांडला गेला होता. स्वतःहून घेतलेल्या कर्जाचे हप्ते मुलाच्या पोटगीच्या आधी येत नाहीत, हे माझ्या वकीलबाईंनी न्यायालयाला पटवले. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून अर्जाला उशीर करणे म्हणजे दर महिन्याचे पैसे सोडून देणे होय.

आपले शपथपत्रही तितकेच खरे असू द्या. बावीस हजार लपवू नका. आई कमावती असली म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही, मात्र मुलाचा खर्च दोघांनी आपापल्या मिळकतीच्या प्रमाणात उचलावा, हे न्यायालय पाहते. मुलीच्या खर्चाची वही ठेवा आणि तिच्यात शाळेची फी, व्हॅनचे भाडे, वह्यापुस्तके, दवाखाना, गणवेश आणि घरभाड्यातला किंवा घरखर्चातला तिचा वाटा, असे सर्व पावत्यांसह लिहा. मी पहिल्यांदा आकडा अंदाजाने सांगितला होता आणि उलटतपासणीत तोंडघशी पडले.

पुण्याकडच्या माणसाशी आपले सगळे बोलणे मराठीत झालेले असणार, आणि येथील न्यायालयाचे कामकाज हिंदीत चालते. व्हॉट्सॲपवरचे संदेश दाखवायचे असतील तर त्यांचे हिंदी भाषांतर जोडावे लागते आणि इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्रही द्यावे लागते. ‘बघू’ या आमच्या यजमानांच्या एका शब्दाचे हिंदी भाषांतर ‘देखूँगा’ असे झाले आणि समोरच्या वकिलांनी त्यालाच पैसे देण्याची तयारी ठरवले. मराठी माणसाच्या ‘बघू’चा अर्थ त्या दालनात फक्त मला ठाऊक होता.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मिळकतीची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

लोकमान्यनगरची लेक, इंदूर

सर्वांची मी ऋणी आहे. काल बाबांना हे सगळे वाचून दाखवले. स्टॅम्पपेपर त्यांनी कपाटात ठेवला आहे, फाडला नाही, पण सहीचा आग्रह आता धरत नाहीत. रविवारी मी फोन लावून दिला. मुलगी पाच मिनिटे काहीच बोलली नाही आणि नंतर अर्धा तास पडलेला दात दाखवत होती. मी आतल्या खोलीत होते.

एक शेवटची शंका आहे. न्यायाधीश मुलीला ‘तुला कोणाजवळ राहायचे’ असे विचारतील का? तिला काय सांगून ठेवू?

निवृत्त वकील, रामबाग

काहीही सांगून ठेवू नका. मूल स्वतःचे मत समजून उमजून बनवण्याइतके मोठे असेल तर न्यायालय ते विचारात घेऊ शकते, असे पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे. सात वर्षांच्या मुलीबाबत न्यायाधीश बहुधा तिला आपल्या दालनात बोलावून शाळा, मैत्रिणी, घरात कोण कोण आहे, अशा गप्पा मारतात आणि तिच्या उत्तरांपेक्षा तिच्या वागण्यावरून अंदाज घेतात. पढवलेले मूल दोन वाक्यांत ओळखू येते, आणि तसे ओळखू आले तर नुकसान पढवणाऱ्याचे होते. तसेही पोटगीच्या अर्जात तिला बोलावण्याचे कारण नाही. ताब्याचा अर्ज त्यांनी केलाच, तर तेव्हा पाहू.

दाताची हकीकत वाचून बरे वाटले. आता खर्चाची वही सुरू करा, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, शाळेचे प्रमाणपत्र आणि आलेल्या चार चार हजारांच्या नोंदी असलेला बँकेचा उतारा एका फाइलीत लावा, आणि अर्ज या महिन्याच्या आत दाखल होईल असे पाहा. दाखल केल्याच्या शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. वकिलाकडे राहू देऊ नका, हे मी वकील असून सांगतो.