मदत हवी आहे: जिवाणू मेले की नुसते गप्प झाले?

नमस्कार मंडळी. मुंबईत एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट करतेय. लालबागच्या मसाला गल्लीतून आणलेल्या लवंगांचा इथेनॉल अर्क क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियमवर तपासला. हा जिवाणू आपापसातल्या रासायनिक निरोपांवर जांभळा रंग बनवतो. निरोप तुटले की रंग जातो, वाढ मात्र राहायला हवी. जिवाणू वाढवलेल्या माझ्या प्लेटवर वेलला (अर्क घालायला पाडलेल्या छोट्या खड्ड्याला) लागून काचेसारखं स्वच्छ वर्तुळ आणि त्याबाहेर दुधाळ कडा. म्हणजे आत मेले, कडेला नुसते गप्प, असंच ना? मग अर्क किती पातळ करू? नुसत्या इथेनॉलच्या वेलभोवतीही पुसट वर्तुळ दिसतंय, तेच जास्त छळतंय. शिवाय ९६ वेलच्या प्लेटमध्ये बायोफिल्म (जिवाणूंचा चिकटून बसलेला थर) मोजताना अर्काचा तपकिरी रंग क्रिस्टल व्हायोलेटच्या (हा थर रंगवायच्या जांभळ्या रंगाच्या) रीडिंगमध्ये घुसतो. तुम्ही ब्लँक (वजा करायचं जिवाणूंविना रीडिंग) कसा लावता? सर म्हणतात, 'वाच जरा.' वाचलंय हो!