सोसायटीच्या कार्यालयातला विंडोज १०चा संगणक लिनक्सवर न्यावा का? मराठी इनस्क्रिप्ट, जुन्या श्रीलिपी फायली, कॅनन २९००: सल्ला हवा

दप्तरी
सोसायटीच्या कार्यालयातला डेस्कटॉप: आय-५, सहावी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ला त्याची नेहमीची सुरक्षा अद्यतनं थांबली आणि विंडोज ११च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही. मशीन मात्र ठणठणीत आहे.
काम एवढंच: सभेच्या नोटिसा आणि इतिवृत्तं मराठीत (व्यवस्थापक इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कीबोर्ड मांडणीवर टाइप करतात), देखभालीची बिलं एक्सेलमध्ये, बँकेची साइट, व्हॉट्सॲप. जुनी इतिवृत्तं श्रीलिपी या जुन्या टंकसंचात आहेत. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००.
लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मुक्त प्रणाली) बसवायचं तर कुठलं, आणि नेमकं काय अडेल?

तारजोडणी
बसवाच. लिनक्स मिंट २२, सिनेमन आवृत्ती. एप्रिल २०२९पर्यंत अद्यतनं मिळतील आणि विंडोजची सवय असलेल्याला मेनू शोधावा लागत नाही. ८ जीबी रॅम भरपूर झाली.

पण आधी २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घ्या. फिरत्या डिस्कवर कुठलीही प्रणाली रखडणारच, आणि लोक खापर लिनक्सवर फोडतील. एसएसडी घेण्याचं दुसरं कारण जास्त मोलाचं आहे: जुनी डिस्क जशीच्या तशी राहते. काही बिनसलं तर ती परत जोडायची, दहा मिनिटांत जुना संगणक हजर.

क्रम असा ठेवा:
– विंडोज चालू असतानाच सोसायटीचं सगळं दप्तर बाहेरच्या डिस्कवर उतरवा, आणि त्यातल्या चारदोन फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडून पाहिलेली प्रत खरी धरू नका.
– बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू आहे का तपासा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ती मागू शकतं.
– विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करून मग संगणक पूर्ण बंद करा. नाहीतर जुनी डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्स ती फक्त वाचू देतं, लिहू देत नाही.
– मिंट बसवायची आयएसओ फाइल साधारण ३ जीबीची आहे. उतरल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइल अखंड आहे का ते सांगणारा आकडा) मिंटच्या पानावरच्या आकड्याशी ताडून बघा, मगच रूफस किंवा एचर या साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे बसवणं मध्येच अडतं आणि माणूस दिवसभर हार्डवेअरमध्ये दोष शोधत बसतो.
– पेनड्राइव्हवरून सुरू करायची कळ मदरबोर्डवर ठरते: गिगाबाइटला एफ१२, एसुसला एफ८, एमएसआयला एफ११.
– आधी नुसतं लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरूनच, चालवा. आवाज, नेट, पडदा, प्रिंटर बघा. डिस्कवर अजून काहीच लिहिलेलं नसतं.

आणि हे विसरू नका: बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्का जोडलेल्या असल्या तर मिंटचं इन्स्टॉलर बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) बऱ्याचदा पहिल्या डिस्कवरच टाकतं, तुम्ही दुसरी निवडली तरी. पुढे कधी ती जुनी डिस्क काढली की नवी सुरूच होत नाही.

घड्याळकाटा
एवढा खटाटोप कशाला? रूफसने विंडोज ११ची तपासणी वगळून पेनड्राइव्ह बनतो. सहाव्या पिढीवर चालतं.

तारजोडणी
चालतं, खरं आहे. पण अशा मशीनला पुढची अद्यतनं मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्टने दिलेली नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती बहुधा पुन्हा हाताने चढवावी लागते. कार्यालयात ते करणार कोण? घरगुती संगणकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव मुदत होती, तीही मायक्रोसॉफ्ट खात्याला बांधलेली.
माझा मुद्दा वेगाचा नाहीच. हा संगणक बिघडला म्हणून बाद होत नाहीये, कुणीतरी दूर बसून त्याची मुदत ठरवली म्हणून होतोय. तपासणी वगळून आज सुटाल, पण पुढची मुदतही तेच ठरवणार.

मूळाक्षर
डेबियन १३ हे दुसरं लिनक्सही विचारात घ्या. बसवायला थोडं जास्त वाचावं लागतं, पण एकदा बसलं की वर्षानुवर्षं हलत नाही. व्यवस्थापक नवखे असतील तर मात्र मिंटच.

आता मराठी. कीबोर्डच्या साध्या लेआउट-यादीतही मराठी इनस्क्रिप्ट सापडतं, ते घेऊ नका. तिथे एका कळीतून एकच चिन्ह निघतं, त्यामुळे शिफ्ट-५, ६, ७, ८वरचे ज्ञ, त्र, क्ष, श्र थेट उमटत नाहीत. वर्षानुवर्षं त्या कळा वापरणाऱ्याची पहिल्याच ओळीत चिडचिड होईल. त्याऐवजी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन हे पॅकेज घ्या, इनपुट मेथडच्या खिडकीत आयबस निवडा, लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या पसंतींमध्ये मराठी – इनस्क्रिप्ट२ जोडा. विंडोजची कळ दाबून स्पेस दाबली की भाषा बदलते. लॉगआउट केल्याशिवाय ते लागू होत नाही. निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी त्याच यादीत आयट्रान्स आणि फोनेटिक आहेत.

‘पायऱ्या’मधला ऱ्य: शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. नुसता जे दाबलात तर ‘पायर्या’ उमटेल, आणि ती नोटीस तशीच लिफ्टशेजारी लागेल.

लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरच्या ऑफिसमध्ये) टूल्स > ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची (देवनागरीसारख्या लिपींची) भाषा मराठी ठेवा, हिंदी नको. नोटो, मुक्ता यांसारखे टंक त्या खुणेवरून ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं निवडतात. खूप लोकांना वाटतं टंकातच ती नाहीत. असतात, मजकुराची भाषा चुकलेली असते. देवनागरीचा टंक आणि त्याचा आकार शैलीच्या खिडकीतही रोमनपासून वेगळा ठरवावा लागतो.

दप्तरी
हे फार उपयोगी आहे, धन्यवाद. श्रीलिपीच्या फायलींचं काय? आणि बिलांच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या सूचना) आहेत.

मूळाक्षर
श्रीलिपीतला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक असतात, टंक त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. टंक नसला की गिचमीड दिसते. म्हणून दोन टप्पे करा.
पहिला: जुन्या डिस्कवरच्या विंडोजमध्ये, नेटची केबल काढून, प्रत्येक इतिवृत्ताची पीडीएफ काढा. टंक पीडीएफमध्येच गुंफला जातो, म्हणून ती कुठेही तशीच दिसेल. कागदपत्र म्हणून हे पुरतं. त्यातून शब्द शोधता येणार नाही, कारण आत अजून तेच क्रमांक आहेत.
दुसरा: ज्यातलं काही पुन्हा लागणार आहे तेवढंच युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतात) परिवर्तित करा. फाइलमध्ये नेमका कुठला टंक आहे ते आधी टिपून ठेवा, कारण प्रत्येक घराण्याची सांकेतिक मांडणी वेगळी आणि चुकीचा परिवर्तक सगळंच नासवतो. तपासताना पहिली वेलांटी आणि रफार बघा. जुन्या टंकांत ती दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, आणि जोडाक्षर आलं की परिवर्तक तिथे चुकतात. ठरावातल्या रकमा आणि तारखा मूळ पीडीएफशी माणसानेच ताडाव्यात.

तारजोडणी
मॅक्रो: लिब्रेऑफिस कॅल्क व्हीबीए या एक्सेलच्या मॅक्रो-भाषेचा काही भागच समजतं. बटण दाबून ७२ बिलं छापणारा मॅक्रो असेल तर तो चालेलच असं धरू नका. लाइव्ह पेनड्राइव्हवरच ती फाइल उघडून एका महिन्याचं बिल काढा आणि बेरजा जुन्या बिलाशी जुळवा. अडलं तर मॅक्रो दुरुस्त करण्यापेक्षा रायटरचं मेल मर्ज (यादीतून एकेकाचं पत्र बनवणारं साधन) वापरा: सदनिका क्रमांक, नाव, थकबाकी हे स्तंभ कॅल्कमधून ओढायचे. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्या जागी कार्लिटो व कॅलाडिया हे टंक बसवा. अक्षरांची रुंदी तीच असल्याने ओळी सहसा सरकत नाहीत.

शाईपट्टी
खरी अडचण प्रिंटरची आहे, आधीच सांगतो. एलबीपी २९०० पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरांच्या सामाईक भाषा समजत नाही. पान आखण्याचं सगळं काम संगणक करतो आणि कॅनन स्वतःच्या कॅप्ट नावाच्या भाषेत ते प्रिंटरला धाडतं. कॅननचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुना आहे आणि ३२-बिट लायब्रऱ्यांवर अडून बसतो. त्याची सेवा मध्येच झोपते, काम रांगेत दिसतं पण कागद हलत नाही. स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त कॅप्टड्रायव्हर आहे, त्यात २९००ला बऱ्यापैकी आधार आहे. आधी त्याने पाच पानं सलग छापून बघा.
नाहीच जमलं तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) छोटं विंडोज, त्याला ३ ते ४ जीबी रॅम, यूएसबी प्रिंटर आत वळवायचा, नेट बंद. लिनक्समधून पीडीएफ सामायिक फोल्डरमध्ये टाकायची आणि तिथून छापायची. कटकट आहे, पण चालतं. आपलं खातं व्हीबॉक्सयूजर्स गटात घालायला विसरू नका, नाहीतर यूएसबीची यादी रिकामीच दिसेल.
प्रिंटर धडधाकट आहे, भाषेची किल्ली फक्त कंपनीकडे आहे, म्हणून ही वेळ येते. पुढचा घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर लिहिलेलं आहे का बघा. तसा प्रिंटर सहसा वेगळ्या ड्रायव्हरविना लागतो. एचपी लेसरजेट १०२० किंवा पी११०८ कुणी जुना देत असेल तर एचपीलिप हे ड्रायव्हरचं पॅकेज चालतं, पण त्याला कंपनीचं बंद प्लगइन नेटवरून उतरवावं लागतं.

दप्तरी
ठरलं: एसएसडी, मिंट, जुनी डिस्क बाजूला. कॅप्टड्रायव्हर आधी लाइव्हवरच बघतो.

तारजोडणी
दोन गोष्टी राहिल्या. मिंटमधलं टाइमशिफ्ट फक्त प्रणालीची प्रत ठेवतं, कागदपत्रांची नाही. त्यासाठी मिंटचं बॅकअप टूल किंवा देजा-डुप वापरा, आठवड्याला एकदा बाहेरच्या डिस्कवर, आणि डिस्क नंतर काढून कपाटात.
आणि प्रशासकाचा पासवर्ड बसवणाऱ्या मुलाकडे राहू देऊ नका. बंद पाकिटात, सचिवांच्या सहीने, शेअर सर्टिफिकेटच्या रजिस्टरसोबत ठेवा. कार्यकारिणी बदलली की तो नव्या सचिवांकडे जाईल आणि त्याच दिवशी बदलायचा.