गरोदरपण, बाळंतपण : ज्याचं त्याने सांगावं

माझी मावसबहीण सातव्या महिन्यात आहे. तिने विचारलं, "कळ नेमकी कशी असते गं?" आई म्हणाली, पाळीत दुखतं तसंच, पण कितीतरी जास्त. आत्या म्हणाली, माझं पोट नाही दुखलं, मांड्याच भरून आल्या होत्या. माझ्या तर सगळ्या कळा कंबरेत. परळच्या वाडिया प्रसूतिगृहातल्या सिस्टरनी कंबरेवर तळहात घट्ट दाबून धरला आणि सांगितलं, बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की बरेचदा असंच होतं. त्या दाबाने जो आराम पडला तो अजून आठवतो.

तिघींची उत्तरं वेगळी आणि तिघीही खरं बोलत होत्या. म्हणून म्हटलं, आपण सगळ्यांनीच लिहावं. सल्ले नकोत, अनुभव लिहा. काय खावंसं वाटलं, कशाची भीती वाटली, कोण धावून आलं. सिझर असो की नॉर्मल, काही लपवू नका. जिचं बाळ राहिलं नाही तिनेही लिहा. पुरुषांनीही लिहा.

डोंबिवली

पहिले तीन महिने सगळ्यात अवघड, कारण पोट दिसत नाही. लोकलच्या गर्दीत तुम्ही इतर चार बायकांसारख्याच. सकाळच्या फास्टमध्ये ठाणं यायच्या आत कुणाच्या तरी गजऱ्याचा नाहीतर डोक्याच्या तेलाचा वास नाकात बसायचा आणि पोटात ढवळायला लागायचं. पर्समध्ये प्लॅस्टिकची पिशवी, आवळासुपारी आणि अर्धं लिंबू कायम. एकदा मुलुंडच्या आसपास डोळ्यांपुढे अंधारी आली. खिडकीतल्या बाईने माझ्या हातातलं लिंबू बघितलं, "कितवा?" एवढंच विचारलं आणि उठली. त्या दिवसापासून सीएसएमटीपर्यंत ती जागा माझी झाली. सातव्या महिन्यात ग्रुपने डब्यातच डोहाळजेवण केलं. फुलांची वाडी भरली, ओटी भरली, दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. मी उघडली त्यात पेढा निघाला, म्हणजे मुलगा. झाली मुलगी!

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला प्रवास करता येतो. नव्या मुलींनो, पहिल्या महिन्यापासून लक्षात ठेवा, दवाखान्याचा कागद जवळ असू द्या.

गिरगाव

चिंचा-कैऱ्या राहिल्या बाजूला, मला डोहाळे लागले पाटीवरच्या पेन्सिलचे. ओल्या मातीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटायचं. लाजेपोटी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सासूबाईंना उशीखाली तुकडे सापडले. त्या रागावल्या नाहीत, सरळ दवाखान्यात घेऊन गेल्या. हिमोग्लोबिन आठ निघालं. गरोदरपणात 11च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या आणि त्यांच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्त वाढलं तशी पेन्सिलची वासना आपोआप गेली. खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ, असलं काही सारखं खावंसं वाटत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

कुर्ला

26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलीमीटर पाऊस झाला, हा आकडा नंतर पेपरात वाचला. त्या संध्याकाळी मला एवढंच माहीत होतं की तळमजल्यात छातीभर पाणी आहे, मिस्टर ऑफिसात अडकलेत, फोन लागत नाही आणि कळा पाच-पाच मिनिटांवर आल्यात. समोरच्या खोलीतल्या काकू रिटायर्ड नर्स. त्यांनी गॅसवर पातेल्यात दोरा आणि कात्री उकळत ठेवली, धुतलेली लुगडी अंथरली, पोरांना मेणबत्त्या धरायला दारात उभं केलं आणि तोंडं बाहेर करायला लावली. मला म्हणाल्या, "ओरडायचं तर खुशाल ओरड, पण जोर मी सांगेन तेव्हाच लावायचा."

रात्री मुलगा झाला. काकूंनी त्याला कोरडं पुसून तसंच उघडं माझ्या छातीवर ठेवलं आणि दोघांवर एकच चादर घातली. नाळ दोन ठिकाणी बांधून मधे कापली. मागून वार (प्लासेंटा) पडली ती स्टीलच्या डब्यात झाकून ठेवली. मला कळेना हे कशाला. त्या म्हणाल्या, अख्खी पडली की तुकडा आत राहिला हे डॉक्टरांनी बघायला हवं, राहिला तर रक्त थांबत नाही. पाणी ओसरल्यावर तो डबा घेऊनच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वार तपासली आणि विचारलं, हे सगळं कुणी केलं? काकू आता नाहीत. मुलगा वाढदिवसाला आधी त्यांच्या फोटोपुढे वाकतो, मग केक.

लालबाग

माझ्या वेळी 26 डिसेंबर 2019चं सूर्यग्रहण आलं. सुरी धरू नको, दोरा ओवू नको, नाहीतर बाळाचा ओठ फाटेल, असं घरच्यांचं म्हणणं. मी आठव्या महिन्यात होते. डॉक्टरांनी समजावलं की बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळून येतो, ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. आईला ते पटलं, सासूबाईंना नाही. मी त्या दिवशी भाजी चिरली नाही, पण वेळेवर जेवले आणि पाणी प्यायले. उपाशी मात्र कुणी राहू नका.

सायन

मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला, दीड किलोचा. अंगभर लव. कान इतके मऊ की पाळी दुमडली तर दुमडलेलीच राहायची, बोटाने सरळ करावी लागायची. सिझरनंतर मला ताप आला आणि दूध उतरेना. मी रडून रडून अर्धी झाले होते. तेव्हा कळलं की सायन हॉस्पिटलात मातृदुग्धपेढी आहे. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी ती 1989 मध्ये सुरू केली, आशियातली पहिली. दान करणाऱ्या आईचं रक्त तपासतात, दूध पाश्चराइज करतात, मगच ते बाळाला देतात. माझ्या मुलाच्या पोटात नळीने थेंब थेंब गेलेलं पहिलं दूध अशाच कुणा अनोळखी आईचं. ती कोण, कुठली, काही माहीत नाही.

मग रोज त्याला फक्त लंगोट आणि टोपी घालून माझ्या उघड्या छातीवर तासन्‌तास उभं धरायचं, वरून ओढणी बांधायची. नर्स म्हणाल्या होत्या तसं झालं, त्याचा श्वास सावकाश माझ्या श्वासाबरोबर चालायला लागला आणि मला पान्हा फुटला. पुढे दूध उरायला लागलं तेव्हा मीही पेढीला दिलं. हे सगळ्या आयांना ठाऊक असायला हवं.

चेंबूर

माझं चौथ्या महिन्यात गेलं. डोहाळजेवण नाही, बारसं नाही, त्यामुळे लोकांना वाटतं काही झालंच नाही. मला चीकही आला होता, ब्लाउज भिजायचे, याबद्दल आधी कुणीच बोललं नव्हतं. ऑफिसात म्हणाले, आजारपणाची रजा टाका. मैत्रिणीने कायदा काढून दाखवला. मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतरही सहा आठवडे पगारी रजा आहे. अर्ज केला, मिळाली. कुणाला लागू नये, पण लागली तर हक्काने मागा.

बोरिवली

पुरुषांनीही लिहा म्हणालात म्हणून. बायको बाळंतपणानंतर महिना झाला तरी रडत होती. बाळ झोपलं तरी ही जागी. "मला आई होता येत नाहीये," एवढंच म्हणायची. घरचे म्हणाले, ओली बाळंतीण, होतं असं. डॉक्टर म्हणाल्या, पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं, पण दोन आठवड्यांपुढे गेलं तर तो आजार आहे आणि त्याला इलाज आहे. इलाज केला, बरी झाली. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. रात्रीचे लंगोट, ढेकर काढणं, झोपवणं मी घेतलं. दोन्हीकडची माणसं गावाला असतात तेव्हा हे काम बापाचंच.

विरार

ताई, मी चौतिसाव्या आठवड्यात आहे. माहेर संगमेश्वर, आई ये ये म्हणतेय. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह. जाऊ की इथेच राहू?

विरारच्या ताईला माझं उत्तर : डॉक्टरांना विचारूनच ठरव. ह्यांचा गट पॉझिटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं अँटी-डी (आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असलं तर पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन) घेतलं असशीलच. बाळही पॉझिटिव्ह निघालं तर 72 तासांच्या आत परत घ्यावं लागतं, तेव्हा ते इंजेक्शन तिथे मिळतं का हे आधी पक्कं कर. गेलीस तर रेल्वेने जा, रस्त्याचे धक्के नकोत. फाईल आणि सगळे सोनोग्राफी रिपोर्ट बरोबर ने. 108 ची रुग्णवाहिका कशी बोलवायची ते आईला समजावून ठेव.

विरार

ह्यांचा पॉझिटिव्ह आहे, पहिलं घेतलंय. आत्ताच फोन करून विचारलं, चिपळूणला मिळतं म्हणाले, आधी कळवून ठेवायला सांगितलंय. शनिवारी डॉक्टरांना दाखवते, त्या हो म्हणाल्या की तिकीट काढते.